बिननावाची वही

सोमवार, ३ जून

आजी म्हणाली, तुला बोलता येत नाही तर लिही तरी. म्हणून ही डायरी. आठवीतून शाळा सोडली, अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचणार कोण? आजीला वाचता येत नाही. तरी मी गादीखाली ठेवते.

माझं नाव तेबेलो. वय अठरा. मापुत्सोच्या कपड्याच्या कारखान्यात शिलाई करते. टी-शर्टच्या बाह्यांच्या कडा, दिवसभर फक्त कडा. मला एचआयव्ही आहे. आईकडून आला, जन्मताच. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. हे वाक्य मी आजपर्यंत कुठं लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर दाराकडं बघितलं.

शाळेत काय झालं ते लिहायचं नाही. दप्तरात गोळ्यांची बाटली वाजली, एवढंच.

आता मी बाटलीत चिंधी कोंबते. बाहीचं कातरण. अजिबात वाजत नाही.

माझ्याकडं दवाखान्याच्या दोन वह्या आहेत. इथं ज्याची वही त्यानंच सांभाळायची असते, डॉक्टर त्यातच लिहितात, शिक्का त्यातच. एक वही खोकल्याची, तापाची. ती कारखान्यात दाखवता येते. दुसरी गोळ्यांची. तिचं नावाचं पान मी पंधरा वर्षांची असताना फाडून चुलीत टाकलं. लेरिबेच्या दवाखान्यात नंबरावर काम चालतं. तासभर टॅक्सीनं जावं लागतं, पण तिथं मला कुणी ओळखत नाही.

गेल्या शुक्रवारी खोकल्यानं घरी राहिले. आज आमच्या मशीनच्या लाइनच्या मुकादम मामोलेफी मावशी म्हणाल्या, उद्या वही आण, शिक्का बघितल्याशिवाय रजा लावत नाही.

मंगळवार, ४ जून

नीट लिहिते.

आजीनं दोन्ही वह्यांना एकाच पिठाच्या पिशवीचा कागद चढवलाय. सकाळी अंधार, थंडी, मी घाईत एक उचलली. फाटकाशी पोचल्यावर उघडून बघितलं तर गोळ्यांची. परत जायला वेळ नव्हता, सात वाजता फाटक बंद होतं. मी ती स्वेटरच्या आत, स्कर्टच्या पट्ट्यात खोचली. मावशींना म्हटलं विसरले. त्या म्हणाल्या, "तुझं डोकं तरी आणलंस का?" सगळ्या हसल्या.

दुपारी संडासातून आले आणि मशीनवर बसल्यावर कळलं की पोटाशी काहीच टोचत नाहीये. परत पळत गेले. नव्हती. तिथं दारात आमच्याच लाइनच्या न्तोफीला ताई हात धूत होत्या.

संपलं.

बुधवार, ५ जून

काल झोप नाही. आज प्रत्येकीचं तोंड बघत होते. कोण माझ्याकडं जास्त बघतंय, कोण अजिबात बघत नाहीये. जी बघत नाही तिचाच जास्त संशय येतो.

न्तोफीला ताईंचा सगळ्यात जास्त. चाळिशीच्या आहेत, चांगल्या नव्वद किलोच्या, आवाज असा की चाळीस मशीनं चालू असली तरी ऐकू येतो. पोटात काही राहत नसणार अशी बाई. आणि एक गोष्ट मी आधीपासून बघतेय. रोज सातचा भोंगा वाजला की त्या नळावर जातात, सगळ्यांकडं पाठ करून उभ्या राहतात, मग येतात. रोज. मला वाटतं तिथून ऑफिसची खिडकी दिसते. कुणाला तरी खुणा करत असतील. चुगल्या अशाच पोचतात.

आज जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन टेकल्या. एरवी कधी येत नाहीत.

"काय ग पोरी, तुझं काही हरवलं का?"

हळू विचारलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे मुद्दाम.

"नाही," मी म्हटलं.

"बघ हं."

"नाही हरवलं काही."

तेवढ्यात पुलेंग आली. पुलेंग माझ्या उजवीकडच्या मशीनवर मानेची लेबलं लावते. माझी एकटीच मैत्रीण म्हणायला. मला गुलगुले आणते, माझ्या वाटचं बोलते. ताई लगेच उठून गेल्या. पुलेंग आली की का उठल्या? साक्षीदार नको असेल.

शुक्रवार, ७ जून

ताईंनी पुन्हा गाठलं. फाटकाबाहेर, गुलगुल्यांच्या गाडीशी.

"लेरिबेला तुझं कुणी असतं का ग?"

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. लेरिबे. वहीत शिक्का लेरिबेचा आहे. म्हणजे वही हिच्याकडंच आहे, आणि हिला कळलंय किंवा खात्री करून घेतेय. मी हो म्हटलं की मग? मग सोमवारी सगळ्या लाइनला माहीत.

"कुणी नाही," मी म्हटलं आणि चालायला लागले. मागून हाक आली, "अग, ऐकून तर घे!" मी पळाले. अठरा वर्षांची बाई रस्त्यानं पळते, लोक बघत होते.

पुलेंग टॅक्सी थांब्यावर भेटली. "एक सांगू? कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. तिचं सगळं बोलणं इथूनच सुरू होतं. "न्तोफीलाच्या एप्रनच्या खिशात दवाखान्याची वही आहे. वाकली तेव्हा वही उघडली, मी आतला शिक्का बघितला. तो शिक्का ग! गोळ्यांवाल्यांचा. कुणाची असेल?"

ती माझ्याकडं बघत होती. कुठल्या नजरेनं ते आता आठवत नाही, पण बघत होती.

मी म्हटलं, "तिचीच असेल. तिच्याच खिशात आहे ना."

असं मी म्हटलं.

पुलेंगचे डोळे केवढे झाले. "तरीच!" म्हणाली. "तरीच नवरा सोडून गेला."

मी काय चूक बोलले? खिशात होती हे खरं आहे. मी एवढंच बोलले.

रविवार, ९ जून

आजची घेतली, चार गोळ्या उरल्यात. गुरुवारपर्यंत पुरतील. शुक्रवारी चौदा तारखेला लेरिबेला जायचंय, आणि वहीशिवाय गोळ्या देत नाहीत. आजीला सांगितलं. ती मक्याची उकड घोटत होती, घोटतच राहिली.

"जाऊन माग तिच्याकडं."

"मागितली की कळेल माझी आहे."

"आणि नाही मागितली की?"

आजी असंच करते. प्रश्न टाकते आणि पाठ फिरवते.

सोमवार, १० जून

आज जे झालं ते मी कुणाचं म्हणून लिहू?

थंडीत आम्ही सगळ्या भिंतीच्या उन्हात बसून जेवतो. प्रत्येकीनं आणलेलं एका मोठ्या ॲल्युमिनियमच्या टोपात ओततात. उकड, पाल्याची भाजी, कुणाकडं कोंबडीचे पाय असले तर ते. सगळ्यांचे हात एकाच टोपात. आज ताईंनी हात घातला आणि समोरच्या तिघींनी एकदमच हात काढून घेतले. पोट भरल्यासारखं केलं. ताईंनी बघितलं. "अरे वा, आज माझी चैन," म्हणाल्या आणि खायला लागल्या. हसल्यासुद्धा.

पुलेंग उठून त्यांच्या मागं गेली. आधी मला डोळा मारला. मला वाटलं गंमत करतेय. तिनं ताईंच्या एप्रनच्या खिशात दोन बोटं घालून वही बाहेर ओढली.

"हे काय ताई? प्रेमपत्र?"

माझी वही. पिठाच्या पिशवीचा कागद, त्यावरच्या कणसाच्या चित्राचा अर्धा तुकडा. सगळ्या उन्हात. मला वाटलं मी तिथंच मरणार. खरंच कान बंद झाले.

पुलेंगनं पानं उलटली. "यात तर सगळे तेच शिक्के! नाव कुठंय? नावाचं पान फाडलंय बघा!"

आधी दोघीतिघी एकमेकींकडं, मग सगळ्या ताईंकडं. मी टोपाकडं बघत बसले. आता ती माझ्याकडं बोट करणार. आता. मी दहापर्यंत मोजलं.

ताईंनी बोटं चाटली, एप्रनला पुसली.

"माझी आहे," म्हणाल्या. "आण इकडं."

"तुमची?"

"मग काय तुझ्या आजोबांची? अकरा वर्षं गोळ्या घेतेय मी. बघितलंस ना, अकरा वर्षांत किती वाळले ते." आणि दोन्ही हातांनी आपलं पोट उचलून दाखवलं.

कुणी हसलं नाही.

मामोलेफी मावशी उठून आल्या, पुलेंगच्या हातातून वही घेतली आणि पुलेंगच्या पाठीत एक सणसणीत दिली. मग वही उघडून शेवटचं पान वाचलं. मी जवळ होते म्हणून मलाच ऐकू आलं.

"न्तोफीला. वजन चव्वेचाळीस किलो?"

"उपाशीपोटी गेले होते, मावशी."

मावशींनी त्यांच्याकडं बघितलं. मग, देवाशप्पथ, माझ्याकडं बघितलं. अगदी थोडा वेळ. मग वही मिटून ताईंना दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तारीख शुक्रवारची आहे. शुक्रवारची रजा न्तोफीलाची. आता उठा, भोंगा झाला."

मी मशीनवर बसले. तीन बाह्या उलट्या शिवल्या.

किती बेमालूम खोटं बोलते ही बाई. अकरा वर्षं, म्हणे. आकडासुद्धा तयार. मला तर खरं बोलतानाही घाम फुटतो. पण का बोलली? फुकट कुणी असं करत नाही. ती काहीतरी मागणार. आता मी तिच्या मुठीत आहे.

मंगळवार, ११ जून

आज दोन टोप होते. एक मोठा. एक छोटा, ताईंचा, त्यांनीच घरून आणला. मी मोठ्यात जेवले. पुलेंग माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. म्हणाली, "बरं झालं तू ओळखलंस. तूच पहिली." सगळ्यांसमोर म्हणाली. ताई दहा पावलांवर होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. वारा होता.

मावशींकडं शुक्रवारची रजा मागितली. म्हटलं आजी आजारी आहे.

"एका लाइनीतून एका दिवशी एकच. शुक्रवार गेला."

"मग सोमवारी?"

"सोमवारपासून मोठी ऑर्डर आहे. महिनाभर कुणालाच नाही." मग जरा थांबून, "तेबेलो, तुझं काही सांगायचं असलं तर न्तोफीलाला सांग."

मला का? तिला का? दोघी मिळालेल्या आहेत. मी म्हटलं नव्हतं, नळावरून खुणा करते म्हणून?

शनिवारी रविवारी गोळ्यांची खिडकी बंद असते. माझीच तारीख, माझीच वही, आणि रजा दुसरीला. आणि हे मीच केलंय. "तिचीच असेल" हे तोंडातून गेलं नसतं तर पुलेंगनं खिशात हात घातला नसता. हे लिहून खोडणार होते. राहू दे.

बुधवार, १२ जून

ताईंच्या बोटातून सुई गेली. आरपार, नखातून.

एरवी असं झालं की आम्ही सगळ्या धावतो. एक मशीन बंद करते, एक चाक उलटं फिरवून सुई वर काढते, एक चिंधी बांधते, कुणी फुंकर घालते. मग मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधून कार्डाला चिकटवायचे, कपड्यात जायला नकोत म्हणून, एक जरी सापडला नाही तरी लाइन थांबते.

आज कुणी उठलं नाही. चाळीस बायका. ताईंनी डाव्या हातानं स्वतःच चाक फिरवलं. ओठ असा चावला. कापडावर रक्त पडलं होतं, तो तुकडा स्वतःच गुंडाळून पिशवीत टाकला. मग गुडघ्यांवर बसून, एवढं मोठं अंग घेऊन, मशीनखाली सुईचं टोक शोधायला लागल्या. मुलींनी पाय वर घेतले. पाणी आल्यावर घेतात तसे.

टोक माझ्या मशीनच्या पायाशी पडलं होतं. मला दिसत होतं. चकाकत होतं. मी बोलले नाही. माझे पाय खालीच होते, एवढंच. वर घेतले नाहीत.

मावशींनीच शेवटी शोधलं.

मी आजारी आहे म्हणून मला रक्ताची भीती नको ना वाटायला? मला भीती रक्ताची नव्हती. मी वाकले असते तर पुलेंगनं बघितलं असतं.

गुरुवार, १३ जून

शेवटची गोळी. संध्याकाळी सातला घेईन, मग बाटलीत नुसती चिंधी.

सुट्टीत संडासाकडं गेले तर ताई मागून आल्या. दार लावून घेतलं. बोटाला केवढी पट्टी. मी भिंतीला चिकटले.

"आता तिसऱ्यांदा विचारते, चौथ्यांदा नाही विचारणार. तुझं काही हरवलंय का?"

बाहेर कुणाच्या तरी चपला वाजत होत्या, मी त्या लांब जाईपर्यंत थांबले.

"हो," मी म्हटलं.

"हां. किती उरल्या?"

"एक."

"उद्या मी जाते. रजा मला मिळालीय, तुला मिळणार नाही. पण वही दाखवून भागणार नाही, दुसऱ्याच्या गोळ्या न्यायच्या तर चिठ्ठी लागते. लिहून दे. 'माझ्या गोळ्या हिच्याकडं द्या.' खाली पूर्ण नाव."

तर हे आहे. मी म्हटलं होतं ना, काहीतरी मागणार. माझं नाव, माझ्या अक्षरात, गोळ्यांच्या शेजारी, तिच्या हातात. जे पान मी जाळलं तेच परत लिहून द्यायचं. उद्या ती कागद भिंतीला चिकटवेल आणि म्हणेल, बघा, माझी नव्हतीच.

"नुसता नंबर लिहिला तर?"

"नंबर कुणीही लिहील."

"चिठ्ठीचं नंतर काय करतात?"

"नर्स फाइलला लावते. नाहीतर मी खाते, पाल्याच्या भाजीबरोबर. अग लिही पोरी, सुट्टी संपली!"

ही डायरी आज नेली होती. हल्ली घरी ठेवायची भीती वाटते म्हणून पोटाशी बांधून नेते. मागचं पान फाडलं. ताईंनी पाठ वाकवली, त्यांच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं. पाठ गरम होती. नाव लिहिताना पेन दोनदा कापडात घुसलं. तेबेलो मोहापी. वाचता येईल असं लिहिलं.

त्यांनी वाचलं नाही. घडी करून छातीशी ठेवलं.

शुक्रवार, १४ जून

सुट्टीत लिहितेय. ताई आलेल्या नाहीत, म्हणजे गेल्या असतील. किंवा नसतील गेल्या. पुलेंग म्हणाली, "गेली वाटतं गोळ्या आणायला. मशीन पुसून घ्यायला हवं तिचं." मी म्हटलं, "का?" ती माझ्याकडं बघत राहिली. एकच शब्द बोलले होते, पण मी तिला उलट प्रश्न पहिल्यांदाच विचारला. आता ती विचार करत असेल. कर.

सहा वाजता. घरी. कुणी आलं नाही. टॅक्सी तासाभराची. दवाखान्यात गर्दी धरली तरी तीनपर्यंत यायला हवं. आजीला म्हटलं, आली नाही तर? आजी म्हणाली, मग मी तिच्या घरी जाऊन काठीनं बोलेन. मला हसू आलं नाही.

चिठ्ठी का दिली? आजवर इतकं सांभाळलं.

नंतर. साडेसहाला दार वाजलं. ताई. धापा टाकत, अंगावर घोंगडी, खाली बसल्याबसल्या आजीला म्हणाल्या, "आजी, टॅक्सीचं चाक फुटलं. माझ्यामुळं नाही, सगळे उगाच माझ्याकडं बघत होते." आजी खो खो हसली. मी आजीला असं हसताना कधी बघितलंय आठवत नाही.

बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. वाजली नाही. त्यांनी आधीच आत चिंधी घातली होती. मग वही.

मी चहा करून ताईंच्या हातात दिला. मग म्हटलं, आजीसमोरच म्हटलं, "ताई, पुलेंगला मीच सांगितलं होतं. वही तुमची म्हणून."

"माहितीये."

"कसं?"

"पुलेंगच्या डोक्यात स्वतःचं काही येत असतं तर ती मुकादम झाली असती." बशीत चहा ओतला, फुंकला. "राग आला होता. बुधवारी जास्त आला. सुईचं टोक तुझ्या पायाशी होतं."

मी खाली बघितलं. आजीनं विचारलं, कसली सुई?

"सोमवारी मी सगळ्यांना सांगते," मी म्हटलं. "वही माझी होती म्हणून. उगाच तुमचं नाव खराब झालं."

"काही सांगू नकोस. निदान माझ्यासाठी तरी नको. आणि उगाच काय त्यात?"

"तुम्ही खोटं बोललात ना. माझ्यासाठी."

ताईंनी बशी खाली ठेवली. आजीकडं बघितलं. आजी माझ्याकडं असं बघत होती की जणू मी अजून चार वर्षांची आहे.

"पोरी, मी चिठ्ठी का मागितली असं वाटलं तुला?"

जे वाटलं होतं ते कसं सांगणार.

"नुसती वही माझी म्हणून दाखवून आणायला मला काय झालं होतं? पण त्या खिडकीवरची नर्स मला अकरा वर्षं ओळखते. माझ्या गोळ्या मी मेमध्येच नेल्या. एकाच बाईला दोनदा कोण देईल? माझी तर तिसरी वही चालू आहे, दोन भरल्या." उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. "सकाळच्या घेते मी. सातला. नळावर. भोंगा झाला की विसरायला होत नाही."

घोंगडी नीट केली आणि गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "सोमवारी मोठा टोप आणते. छोटा एकटीलाच पुरतो."

पावणेसात झाले होते. मी बाटली उघडली, चिंधी काढली, गोळ्या गादीवर ओतल्या आणि मोजल्या. नव्वद.

आजी म्हणाली, "अजून विश्वास नाही?"

"आहे," मी म्हटलं.

आणि परत मोजल्या.